अवघड जागची साधी गाठ

मांडीवर किंवा पाठीवर सुपारीएवढी चरबीची गाठ घेऊन माणसं चाळीस-चाळीस वर्षं मजेत जगतात. अंघोळ करताना हाताला लागते, तेवढीच तिची आठवण. तसलीच एक निरुपद्रवी गाठ, सुपारीहूनही लहान, हरभऱ्याएवढी, मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तोंडाशी असली तर एखादा धडधाकट माणूस डोकं दुखतंय म्हणून झोपतो आणि सकाळी उठत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही तितक्याच साध्या. ‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ या म्हणीवर आपण हसतो. मेंदूच्या गाठींत मात्र अवघड जागा कुठली हे कळलं की निम्मं निदान झालेलं असतं.

मी गेली बरीच वर्षं फिल्म वाचतो. रिपोर्टवर ‘बिनाइन’ लिहिलं की नातेवाईक विचारतात, “म्हणजे कॅन्सर नाही ना, डॉक्टर?” नाही म्हटलं की चेहरे सैल होतात, कुणीतरी लगेच घरी फोन लावतं. पुढचं वाक्य बोलायला मला अजूनही जड जातं. कारण ‘साधी’ हा शब्द पॅथॉलॉजिस्टचा आहे. पेशी सावकाश वाढतात, शेजारी घुसत नाहीत, दूर पसरत नाहीत, एवढंच तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अशा गाठींना सहसा पहिली श्रेणी मिळते. कवटी हा बंद डबा आहे, आत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि ते काही मिलिमीटरच्या वाटांमधून पुढे सरकतं, हे त्या श्रेणीत कुठेच लिहिलेलं नसतं.

साध्या गाठी मुळात दुर्मीळ नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीत मेंदू व मज्जासंस्थेत सुरू होणाऱ्या गाठींपैकी ७० टक्क्यांच्या आसपास कर्करोग नसलेल्या आहेत, आणि एकट्या मेनिंजिओमाचाच वाटा सुमारे ४० टक्के आहे. मेनिंजिओमा, पीयूष ग्रंथीची गाठ आणि कानाच्या नसेवरची गाठ या तिघींशी आमची रोजची उठबस. त्यांच्यापलीकडे एक लांबलचक यादी आहे, जिच्यातल्या एकेकीचा वाटा एक-दोन टक्के किंवा त्याहूनही कमी. कोलॉइड सिस्ट, एपिडर्मॉइड, डर्मॉइड, क्रेनिओफॅरिंजिओमा, हिमँजिओब्लास्टोमा, सेंट्रल न्यूरोसायटोमा, कोरॉइड प्लेक्सस पॅपिलोमा. शिकाऊ डॉक्टरला यांतली एखादी वर्षाकाठी एकदा दिसली तर दिसली. न पाहिलेली गोष्ट डोळ्याला दिसत नाही, ही या विषयातली पहिली अडचण, आणि ती कुठल्याही यंत्राने सुटलेली नाही.

चित्रं नव्हती तेव्हा गाठ कुणाला दिसतच नसे. तिने काय ढकललं, तेवढंच दिसे. डोळ्याच्या पडद्यामागची नस सुजली आहे का ते पाहायचं, कवटीच्या एक्स-रेमध्ये कुठे कॅल्शियमचे ठिपके आहेत का ते शोधायचं. १९१३ साली न्यूयॉर्कच्या लकेट नावाच्या डॉक्टरने कवटी फुटलेल्या एका माणसाच्या एक्स-रेत मेंदूच्या पोकळ्यांमध्ये हवा शिरलेली पाहिली. पोकळ्यांचा आकार त्या हवेमुळे काळ्या रंगात उमटला होता. पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीने हेच मुद्दाम केलं: कवटीला भोक पाडून पाणी काढायचं, त्याजागी हवा भरायची आणि एक्स-रे घ्यायचा. पुढे पाठीच्या मणक्यातून हवा चढवायची पद्धत आली. त्या तपासणीने डोकं असं काही दुखे की रुग्ण दिवसदिवस ओकत पडत. १९२७ मध्ये लिस्बनला एगास मोनिझने मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रंग सोडून फोटो काढला आणि वाहिन्या कुठे वाकल्यात त्यावरून गाठ ओळखायची सोय झाली. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर डँडीने १९३३ मध्ये मेंदूच्या तिसऱ्या पोकळीतल्या साध्या गाठींचं निदान आणि उपचार यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. आजचा तीन टेस्लाचा एमआरआय हाताशी असताना आम्ही एखादी गाठ चुकवतो, तेव्हा मला ते पुस्तक आठवतं.

१ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमधल्या विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात एका बाईला पहिल्या सीटी स्कॅनरमध्ये झोपवलं. यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरचं, सोबत जेम्स अँब्रोज हे रेडिओलॉजिस्ट. आकडेमोडीसाठी चुंबकीय टेप दुसरीकडे न्यावी लागली. चित्र अवघं ८० बाय ८० चौकटींचं. आज मोबाइलवरच्या एखाद्या चिन्हातही त्याहून जास्त ठिपके असतील. पण मेंदूच्या पुढच्या भागात एक काळसर गोल स्पष्ट दिसला. कवटी न उघडता, हवा न भरता, खुद्द गाठ दिसली. हाउन्सफील्डला १९७९ चं नोबेल ॲलन कॉर्मॅकबरोबर विभागून मिळालं. त्याचं नाव आम्ही दिवसातून पन्नास वेळा घेतो ते मात्र मोजमापामुळे: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे पन्नास ते उणे शंभर, कॅल्शियम शेकड्यांत. गाठीवर कर्सर ठेवला की आकडा येतो, आणि आत काय भरलंय याचा पहिला सुगावा तिथेच लागतो.

कोलॉइड सिस्ट हे त्याचं नेमकं उदाहरण. १८५८ मध्ये वॉलमनने तिचं पहिलं वर्णन केलं. दोन्ही बाजूंच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी तिसऱ्या पोकळीत उतरतं त्या चिंचोळ्या वाटेच्या नेमक्या तोंडाशी ही बसते, दुसरीकडे क्वचितच. आत दाट, चिकट, प्रथिनांनी भरलेला द्रव. म्हणूनच साध्या, बिनरंगाच्या सीटीवर ती बहुधा पांढरी, गोल, मधोमध टिकली लावल्यासारखी दिसते. गंमत म्हणजे कैकपट महागड्या एमआरआयवर कधीकधी ती आसपासच्या मेंदूत मिसळून जाते आणि घाईतल्या नजरेतून निसटते. वाकलं की डोकं भणाणतं, आडवं झालं की कमी होतं किंवा उलट, मधूनच पायांतलं बळ जातं आणि माणूस बेशुद्ध न होता खाली बसतो: अशी हकीकत कानावर आली तर मी सीटी दोनदा पाहतो. पाणी तुंबून पोकळ्या फुगलेल्या असतील तर रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघत नाही, फोन उचलतो. मणक्यातून पाणी काढू नका, हेही त्याच फोनवर सांगायचं, कारण वरचा दाब तसाच ठेवून खालून पाणी सोडलं तर मेंदू खाली सरकू शकतो.

आता दुसरी बाजू. भलत्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये सापडलेल्या पुष्कळशा कोलॉइड सिस्ट आयुष्यभर काही करत नाहीत. म्हणून अलीकडे धोका मोजायची एक गुणपद्धत वापरतात: वय ६५ पेक्षा कमी, डोकेदुखी आहे, व्यास ७ मिलिमीटर किंवा जास्त, एमआरआयच्या फ्लेअर चित्रात उजळ, आणि तिसऱ्या पोकळीच्या ठरावीक धोक्याच्या भागात. पाचांपैकी तीन गोष्टी चित्रातून येतात. रिपोर्टात नुसतं ‘लहान कोलॉइड सिस्ट’ लिहून मोकळं होणाऱ्याने सर्जनचं निम्मं काम अडवलेलं असतं.

एमआरआयबद्दल एक गैरसमज घराघरात आहे: तो ‘मोठा’ स्कॅन, त्यात सगळं दिसतं. एमआरआयमध्ये तेच दिसतं जे विचारलेलं असतं. प्रत्येक क्रम, म्हणजे टी-१, टी-२, फ्लेअर, डिफ्यूजन, हा वेगळा प्रश्न. याचा सगळ्यांत सुंदर नमुना म्हणजे एपिडर्मॉइड. १८२९ मध्ये पॅरिसच्या क्रुवेलिएने तिला मोत्यासारखी गाठ म्हटलं, आणि ऑपरेशनच्या वेळी ती खरोखरच मोत्यासारखी चमकते. गर्भात मेंदूची नळी मिटताना कातडीच्या चार पेशी आत राहतात आणि आयुष्यभर तिथे कोंडा सोडत बसतात. कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे. ती काही ढकलत नाही. लहान मेंदूच्या कुशीतल्या फटीफटींतून ओघळत जाते, नसांना आणि धमन्यांना मिठी मारते.

पडद्यावर ती अशी दिसते. टी-१ वर काळी, पाण्यासारखी. टी-२ वर पांढरी, पाण्यासारखीच. रंग दिला तरी उजळत नाही. इथवर कुणीही ‘पाण्याची पिशवी’ म्हणजे ॲराक्नॉइड सिस्ट म्हणून सही करील, आणि एकेकाळी करतही होते. फ्लेअर हा क्रम मोकळं पाणी पुसून टाकतो. पाण्याची पिशवी त्यात काळी होते. एपिडर्मॉइड पूर्ण पुसली जात नाही, गढूळ राहते. मग डिफ्यूजन लावलं की काळोख्या खोलीत बल्ब लागावा तशी ती पेटते. पापुद्र्यांत अडकलेल्या पाण्याचे रेणू मोकळे फिरू शकत नाहीत, म्हणून. (जाणकार इथे टोकतील की त्या उजेडात टी-२ चाही हात असतो. असतो, पण बाजूचं मोकळं पाणी काळंच राहतं, आणि निदानाला तेवढं पुरतं.) फ्रान्सच्या डेनी ल बिआँने ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर डिफ्यूजन चित्रण पुढे आणलं. ते रोजच्या वापरात येईपर्यंत रिपोर्टात ‘हे किंवा ते’ असं लिहून वेळ मारून नेली जाई. फरक मामुली नव्हे: पाण्याची पिशवी बहुतेक वेळा तशीच सोडून देतात, एपिडर्मॉइड वाढत राहते आणि ऑपरेशननंतर उरलेला तुकडाही डिफ्यूजनवरच सापडतो.

तिची चुलतबहीण डर्मॉइड मध्यरेषेत असते आणि तिच्यात चरबी असते, म्हणून टी-१ वर ती पांढरी. ती फुटली की चरबीचे थेंब मेंदूभोवतीच्या पाण्यावर तरंगत दूरवर पसरतात. स्कॅनवर रव्यासारखे कण विखुरलेले दिसतात. एकदा पाहिलं की विसरत नाही.

‘साधी’ या शब्दाची सर्वांत क्रूर थट्टा क्रेनिओफॅरिंजिओमा करतो. श्रेणी पहिली. जागा पीयूष ग्रंथीच्या वर, दृष्टीच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे, आणि भूक, तहान, झोप सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसला चिकटून. मूल वर्गात मागे पडतं, फळ्याजवळ जाऊन बसतं, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला तरी दिसत नाही, उंची थांबते, रात्री चार वेळा पाणी पितं. आई हे सगळं वेगवेगळ्या डॉक्टरांना वेगवेगळं सांगत असते. मुलांमधल्या प्रकारात दहातल्या नऊ गाठींत कॅल्शियम असतं, आणि कॅल्शियम एमआरआयला नीट दिसत नाही. ‘एमआरआय केलाय ना, मग सीटी कशाला’ हा युक्तिवाद इथे महागात पडतो. २०२१ च्या वर्गीकरणात या गाठीचे दोन प्रकार दोन स्वतंत्र आजार म्हणून मांडले गेले. मुलांत जास्त दिसणारा कॅल्शियमवाला प्रकार एक. मोठ्या माणसांतला, जास्त घट्ट, बिनकॅल्शियमचा पॅपिलरी प्रकार दुसरा. या दुसऱ्यात बहुतेकदा बीरॅफ जनुकातला एक ठरावीक बदल सापडतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा १६ रुग्णांना व्हेमुराफेनिब आणि कोबिमेटिनिब या गोळ्या दिल्या. १५ जणांची गाठ लक्षणीय आक्रसली. तेव्हापासून चित्राकडे एक नवी मागणी आली आहे: चाकू लावायच्या आधी सांगा, ही गाठ यांतली कुठली वाटते?

हिमँजिओब्लास्टोमाचं चित्र पाठ्यपुस्तकातच छापल्यासारखं असतं. लहान मेंदूत पाण्याची मोठी पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेला वाटाण्याएवढा गोळा. रंग दिला की गोळा झगमगतो, शेजारी जाड रक्तवाहिन्यांच्या काळ्या रेघा. असंच चित्र मुलांमध्ये पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमाचंही असतं, त्यामुळे आधी वय बघायचं. आणि पन्नाशीतल्या माणसाच्या लहान मेंदूत गाठ दिसली तर आधी दुसरीकडून पसरलेला कर्करोग आठवायचा, हे शहाणपण प्रत्येक रेडिओलॉजिस्ट एकदा तरी पोळून शिकतो. साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत हिमँजिओब्लास्टोमामागे व्हॉन हिपेल-लिंडाउ हा आनुवंशिक आजार असतो. मग तपासणी डोक्यावर थांबत नाही: मणका, डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, आणि भावंडं. साध्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन वाजवीपेक्षा जास्त आलं असेल तर तोही एक धागा, कारण ही गाठ कधीकधी रक्तपेशी वाढवणारं द्रव्य सोडते.

पोकळ्यांच्या आतल्या गाठी थोडक्यात. तरुण माणसाच्या बाजूच्या पोकळीत, मधल्या पडद्याला धरून साबणाच्या फेसासारखी गाठ दिसली तर सेंट्रल न्यूरोसायटोमा. १९८२ मध्ये हासून आणि सहकाऱ्यांनी वेगळी ओळख देईपर्यंत अशा कित्येक गाठी भलत्याच नावाने नोंदल्या गेल्या. हिची श्रेणी दुसरी, तरी वागणूक बहुधा सभ्य. लहान बाळाच्या पोकळीत फुलकोबीसारखा गोळा आणि डोकं पाण्याने फुगलेलं, तर कोरॉइड प्लेक्सस पॅपिलोमा. तो पाणी अडवतो आणि स्वतः जास्तीचं तयारही करतो. चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या, फिट्स, आणि पोकळीच्या तोंडाशी वाढणारी गाठ, तर ट्यूबरस स्क्लेरोसिस. या गाठीला २०१० पासून एव्हरोलिमसच्या गोळ्या आहेत. आणि लहान मेंदूत वाघाच्या कातडीसारखे पट्टे दिसले तर लेर्मिट-डुक्लो. त्या पट्ट्यांवरून रुग्ण बाईला स्तनांची आणि थायरॉइडची तपासणी करायला सांगावं लागतं, कारण मागे कौडेन हा जनुकीय आजार असू शकतो. डोक्याच्या स्कॅनवरून छातीचा सल्ला का, हे समजावताना पंधरा मिनिटं जातात.

हे सगळं मी परदेशी पुस्तकांच्या चालीने सांगितलं. आपल्याकडे यादीच्या वर आणखी दोन नावं लिहावी लागतात: टीबीची गाठ आणि जंताची गाठ. फिट येऊन आलेल्या तरुणाच्या मेंदूत रंग घेणारं छोटं कडं दिसलं की न्यूयॉर्कचा डॉक्टर कर्करोग किंवा पू म्हणेल. सोलापूरचा किंवा नांदेडचा डॉक्टर आधी टीबी आणि जंत यांना बाजूला सारेल. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात याची कसोटी घालून दिली: कडं २० मिलिमीटरपेक्षा मोठं नाही, मेंदू एका बाजूला सरकलेला नाही, दाब वाढल्याची खूण नाही, तर बहुधा मेलेला जंत. अशी कितीतरी कडी काही महिन्यांत आपोआप विरून जातात. उलट टीबीची गाठ मोठी, टी-२ वर मध्यभागी काळपट, आणि स्पेक्ट्रोस्कोपीत चरबीचा उंच सुळका. तरीही घोटाळे होतात. “एकेटी सुरू करून बघू, तीन महिन्यांनी स्कॅन” या वाक्यावर टीबी नसलेल्या काही साध्या गाठी वर्षभर टीबीच्या गोळ्या खातात. मी स्वतः एकदा न्यूरोसायटोमाला टीबी म्हणून सोडलं होतं. सर्जनने पाठवलेला पॅथॉलॉजीचा कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

नवं संकट वेगळ्या दिशेने आलंय. तपासण्या स्वस्त झाल्या, ‘फुल बॉडी’ पॅकेजं आली, आणि काही त्रास नसलेल्या माणसांच्या डोक्यात गाठी सापडू लागल्या. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात २००० सामान्य माणसांचा एमआरआय केला, तर १.६ टक्क्यांत मेंदूची साधी गाठ निघाली. तो निष्कर्ष २००७ चा. यातल्या बहुतेकांना काही करावं लागत नाही, अधूनमधून स्कॅन करून बघावं लागतं. पण ‘बघू’ हा उपचार आहे हे आपल्याकडे कुणाला पटत नाही. शिवाय दर खेपेला रंगाचं इंजेक्शन हवंच असंही नाही: गॅडोलिनियमचा अंश मेंदूत राहतो हे २०१४ पासून माहीत आहे, आणि त्यामुळे घट्ट बांधणीची, सुटी न होणारी औषधं आता पसंत करतात. तुलनेसाठी जुन्या फिल्म लागतात. लोक रिपोर्ट प्लास्टिकमध्ये जपून आणतात आणि फिल्म पलंगाखाली ठेवतात. पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात. सीडी असेल तर ती उघडत नाही. रिपोर्ट नको, फिल्म आणा, हे वाक्य आमच्या काउंटरवर पाटी करून लावावं इतक्यांदा बोलावं लागतं.

चित्राची हद्द तुकडा तपासण्यापाशी संपते असं आम्हाला शिकवलं. आता तुकडाही पुरत नाही. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने २०१८ मध्ये गाठींच्या डीएनएवरच्या मिथाइल खुणांचा ठसा घेऊन वर्गीकरण करणारी पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिने सूक्ष्मदर्शकावर ठरवलेली सुमारे १२ टक्के निदानं बदलली. दुर्मीळ गाठींत याचा उपयोग सर्वांत जास्त, आणि आपल्याकडे ही सोय मोजक्या ठिकाणी, खर्चिक. चित्रं वाचणाऱ्या संगणकांचा गाजावाजा होतो, त्यांची मेनिंजिओमावर मजल चांगली आहे. पण संगणक हजारो नमुन्यांवर शिकतो; वर्षाला एकदा दिसणाऱ्या गाठीबाबत तो माझ्या शिकाऊ डॉक्टरइतकाच कोरा.

बाकी एक जुनाट कागद आहे, त्याच्यावर सगळं अडतं: तपासणीची चिठ्ठी. वरच्या ओळीत नाव, वय, खाली ‘हेडेक,? कॉज’. मागच्या पावसाळ्यात एक काका असेच आले. टेबलावर झोपवताना आमच्या टेक्निशियनने सहज विचारलं, “काका, नेमकं कुठं दुखतं?” ते म्हणाले, डोकं कसलं, उजवा गाल. वीज चमकल्यासारखं. घास चावला की, दाढी करताना ब्लेड लागलं की. दोन दाढा काढून झाल्या, तिसरी पुढच्या सोमवारी काढणार होते. त्याने मला खिडकीतून हाक मारली. नेहमीच्या क्रमात नसलेले बारीक काप आम्ही चेहऱ्याच्या पाचव्या नसेवरून घेतले, डिफ्यूजन लावलं. नसेच्या मुळाशी, फटीत, एक पांढरा तुकडा पेटला. तपासणी वीस मिनिटं लांबली, बाहेर बसलेला पुढचा पेशंट उठून काउंटरवर भांडायला गेला, आणि काकांनी खाली उतरता उतरता विचारलं, सोमवारची दाढ मग राहू द्यायची का.